रामटेक: तीन दिवस, आई आणि वाटेवरचं नरसिंहाचं देऊळ

पहिला दिवस, कार्तिकी एकादशी

गणेशपेठच्या स्टँडवर रामटेकची गाडी लागली, आणि मी पिशव्या सावरेपर्यंत आई खिडकीची जागा धरून बसलीसुद्धा होती. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे तिचं तिकीट शून्य रुपयांचं, माझं अर्ध्या दराचं. कंडक्टरने दिलेली शून्याची चिठ्ठी तिने नीट घडी घालून बटव्यात ठेवली. रामटेक तिचं माहेर. वाडा विकून बरीच वर्षं झाली, आता तिथे तिची एक मामेबहीण तेवढी राहते. गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून आई गडावर गेलेली नव्हती. यंदा दिवाळी सरता सरता तिने स्वतःच विषय काढला, "एकादशीला जाऊ ना वं. दोन दिस राहू. दरखेपी पाय लावून पळतो आपण."

ते खरंच होतं. नागपूरच्या माणसाला रामटेक म्हणजे जेमतेम पन्नास किलोमीटर. सकाळी निघायचं, रिक्षाने वर जायचं, लक्ष्मण, राम, वानरांना फुटाणे, खाली येऊन खिंडसीला बोटीत बसायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. मीही आयुष्यभर असंच रामटेक पाहिलं. मी शाळेत इतिहास शिकवते. विदर्भातल्या जुन्या वाकाटक राजघराण्याचं नाव आलं की फळ्यावर अजिंठा लिहायचा आणि पुढे सरकायचं, ही सवय मलाही लागली होती. त्यांच्या एका शाखेची राजधानी माझ्या शाळेपासून तासाभराच्या वाटेवर होती, हे मुलांना मी कधी हात धरून दाखवलं नाही. या खेपेला पिशवीत काही लेखांच्या झेरॉक्स प्रती घेतल्या होत्या.

कामठी गेलं. कन्हानच्या पुलावर आईने हात जोडले, नदीला नेहमी जोडते. मनसरला गाडीने हायवे सोडला आणि उजवीकडे वळली. थोड्याच वेळात समोर गड दिसला. पिवळ्या पडत चाललेल्या धानाच्या बांध्या, त्यांच्या मागे झाडीने भरलेली लांबट टेकडी आणि तिच्या टोकावर पांढरी शिखरं. गाडीतल्या चार-पाच जणांचे हात आपोआप जुळले. आईने मात्र हात जोडले नाहीत. ती नुसती पाहत राहिली.

मावशीकडे पोचलो तर ओसरीवर शिंगाड्यांची टोपली तयार. कार्तिक लागला की रामटेकात तळ्यांतला शिंगाडा येतो. उकडून काळाकुट्ट झालेला, दोन बाजूंना दोन शिंगं. मावशी विळीवर एक शिंग उडवते, मग कडेने चिरून साल दोन बोटांनी अशी उलटवते की आतला पांढरा गर अख्खा हातात येतो. थोडा पिठूळ, थोडा गोड. खाणाऱ्याच्या बोटांची टोकं काळी होतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहतात. दोघी बहिणींची एकादशी, त्यामुळे दुपारचं जेवण हेच. शेंगदाण्याची आमटी, भगर आणि टोपलीभर शिंगाडे.

साडेचारला रिक्षाने वर निघालो. रिक्षा बरीच वर जाते, पण पुढची चढण पायीच. आईने पहिल्या पायऱ्या उत्साहात चढल्या, मग कठड्याला हात टेकला आणि थांबली. चेहऱ्यावर घाम. "गुडघा म्हणते आता नाही. तू जा. रामाले सांग, मी खाली बसलो आहो." मी तिच्यापाशी थांबते म्हटलं तर ती ऐकेना. वाटेच्या बाजूला एका दगडावर तिला बसवलं, पाण्याची बाटली हाती दिली आणि मी एकटी वर गेले.

त्या दर्शनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण माझं चित्त खाली होतं. एकादशीची गर्दी होती. रिवाजाप्रमाणे आधी लक्ष्मणाचं दर्शन घेतलं, मग रामसीतेचं. आईचा निरोप सांगितला. तटापाशी आले तोवर सूर्य मनसरच्या टेकड्यांमागे गेलेला होता. सावल्यांनी खालचं गाव झाकलं होतं आणि दूर तळ्यांच्या पाण्यात तेवढा उजेड उरला होता. दोन मिनिटं उभी राहिले आणि उतरले.

दगडावर आई नव्हती. बाटली होती, आई नव्हती. छातीत धस्स झालं. हाक मारली तर ओ आली ती शेजारच्या देवळातून.

ते देऊळ मी शंभरदा ओलांडलेलं. बसकं, जाड भिंतींचं, वरच्या देवळासारखं उंच शिखर नाही, झेंडा नाही, रांग नाही. आत आई जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि समोर अंधारात कोणीतरी प्रचंड बसलेलं होतं. डोळे सरावले तशी मूर्ती उमटत गेली. सिंहाचं तोंड, माणसाचं भरदार शरीर, हातात चक्र. नरसिंह म्हटला की आपल्याला मांडीवरचा हिरण्यकशिपू आणि बाहेर आलेली आतडी आठवतात. इथे तसं काहीच नाही. शत्रू नाही, क्रोध नाही. जेवून-खाऊन निवांत बसलेल्या घरच्या वडीलधाऱ्यासारखा तो बसला आहे.

"हा एवढा मोठा कोण बसला आहे?" आईने विचारलं. "लहानपणापासून येतो मी इथं. माही मायही येत होती. कोणी आत नाही आणलं."

उजेड संपला होता. उद्या येऊ म्हणून निघालो.

दुसरा दिवस, द्वादशी

रात्री मावशीच्या घरी दिव्याखाली झेरॉक्स काढून बसले होते. सकाळी पारण्याला बसतानाच आईने विचारलं, "त्या देवळाचं काय लिहिलं आहे त्यात?"

मी तिला सांगितलं ते इथेही सांगते, कारण हे प्रवासवर्णन खरं म्हणजे या एका गोष्टीसाठी लिहायला घेतलं.

पाटलीपुत्राच्या गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावती. तिचं लग्न आपल्या विदर्भातल्या वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाशी झालं. नवरा लवकर गेला. मुलं लहान. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा तो काळ. मुलाच्या नावाने राज्याचा कारभार तिने हाती घेतला आणि वर्षानुवर्षं चालवला. तिचे ताम्रपट, म्हणजे दिलेल्या दानाचा मजकूर कोरलेले तांब्याचे पत्रे, मिळाले आहेत; त्यांतल्या दोघांबद्दल सांगते. पुण्यात सापडलेला ताम्रपट नंदिवर्धन नगरातून दिलेला आहे. नंदिवर्धन म्हणजे इथून दिसणारं नगरधन. त्यात ती स्वतःची ओळख युवराज दिवाकरसेनाची आई अशी करून देते. दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. तो तिने रामगिरीस्वामी या देवाच्या पायांपासून दिला, म्हणजे याच टेकडीवरून, तेव्हा गादीवर तिचा आणखी एक मुलगा, प्रवरसेन, होता. आणि मला सगळ्यात भिडली ती गोष्ट अशी की राणीच्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या वंशावळीने होत नाही. आधी येतं माहेर. गुप्त घराणं, पणजोबा, आजोबा, वडील. नवऱ्याच्या घरी राज्य करणाऱ्या बाईने तांब्यावर कोरून ठेवलं की मी अमुक घरची लेक.

"कोणत्या दिवशी दिलं ते दान?" आईने विचारलं. पंचांग तिच्या डोक्यात कायम चालू असतं.

पुण्याच्या ताम्रपटात तिथी आहे. कार्तिक शुद्ध द्वादशी.

आई हातातला घास खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. "आजच की वं. म्हणजे तिनंही काल एकादशी केली असन. आज दान करून पारणं."

ताम्रपटाचं वाचन करणाऱ्या विद्वानांनी जे पानंपानं लिहिलं, ते आईने ताटावर बसल्या बसल्या बरोबर ओळखलं. विष्णूची भक्त बाई, कार्तिकातली द्वादशी, देवाच्या पायी वाहून मग ब्राह्मणाला दिलेलं गाव. आमच्या घरात आजही तेच गणित चालतं, गावाच्या जागी शिधा असतो इतकंच.

नऊ वाजता वर होतो. मावशीने भाच्याकडून एक मजबूत काठी मागवून दिली होती. या खेपेला घाई नव्हती. उजेड तिरपा मंडपात येत होता.

या देवळाला केवल नरसिंह म्हणतात, थोड्या अंतरावरच्या तसल्याच दुसऱ्याला रुद्र नरसिंह. दोन्ही वाकाटकांच्या काळातली. म्हणजे सोळाशे वर्षांच्या आसपास हा देव इथे बसून आहे. मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. कित्येक शतकं तो चुन्याच्या थरांखाली गाडलेला होता. 1980 च्या दशकात थर निघाले आणि अक्षरं वर आली. जवळून पाहिलं. हात लावला नाही, आईलाही लावू दिला नाही. बारीक, पेटीसारख्या डोक्यांची अक्षरं. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर जणू एक छोटासा चौकोनी खिळा ठोकलेला. कुठे ओळ चांगली चालत येते आणि मध्येच दगड खरवडल्यासारखा होतो, मग दोन-चार अक्षरं, मग पुन्हा काही नाही. टॉर्च समोरून मारली तर काहीच दिसत नाही. बाजूने धरली की खळग्यांत सावली भरते आणि लेख उठून येतो.

जेवढं वाचता येतं त्यावरून अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा. प्रभावतीला एक मुलगी होती. तिचं लग्न घटोत्कच नावाच्या राजपुरुषाशी झालं, बहुधा तो गुप्त घराण्यातला तिचा मामाच. पुढे तिच्या भावाने तिला माहेरी परत आणलं. बळाने आणलं असं लेख सुचवतो. आणि मग आई गेल्यावर त्या लेकीने आईच्या पुण्यासाठी प्रभावतीस्वामी नावाच्या देवाचं देवालय उभारलं. काही अभ्यासक हेच ते देवालय मानतात.

आईच्या नावाचा देव. मला हे वाचल्यापासून राहवत नव्हतं. राजांनी आपल्या नावाने देव स्थापल्याची उदाहरणं मी वर्गात सांगते. लेकीने आईचं नाव देवाला दिल्याचं मी कधी सांगितलं नव्हतं.

"माहेरी परत आणली," आई म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. आमच्या घरात माझ्या आत्याची गोष्ट अशीच आहे, तिचं नावही लेखाच्या तुटलेल्या ओळींसारखं मध्येच थांबतं. बाहेर एक वानर पायरीवर येऊन बसलं, आमच्याकडे काही खायला नाही अशी खात्री झाल्यावर निघून गेलं. आईने पदराच्या गाठीतून दोन शिंगाडे काढून नरसिंहापुढे ठेवले. शिजवलेले, सोललेले. "तळ्यातलाच आहे," ती देवाला म्हणाली.

तिथून पुढे गड हळूहळू चढलो. दहा पायऱ्या, बसायचं. दहा पायऱ्या, बसायचं. असा चढलेला गड मला पहिल्यांदाच दिसला. दगडाला ठिकठिकाणी लालसर रंग आहे, कुंकू सांडल्यासारखा. वरच्या लक्ष्मण मंदिरात यादव रामचंद्राच्या काळातला एक लेख आहे, त्यात या टेकडीला सिंदूरगिरी म्हटलं आहे. नरसिंहाने इथेच हिरण्यकशिपूला फाडलं आणि त्याच्या रक्ताने डोंगर लाल झाला, अशी कथा. वर राम बसला तरी टेकडीच्या जुन्या आठवणीत नरसिंहच आहे.

वराहाच्या मंडपात मोठाच जमाव होता. चार खांबांवरचं छत आणि त्याखाली एकाच दगडातला प्रचंड वराह, चार पायांवर उभा. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं. पाप असलं तर माणूस अडकतो म्हणतात. पोरं-पोरी हसत हसत जात होत्या. एक धिप्पाड गृहस्थ खांद्यापाशी थबकले, तर त्यांची नात पलीकडून हात ओढत होती आणि सगळा मंडप "निघाले, निघाले" म्हणत होता. निघाले. आईने वराहाच्या पाठीवरून हात फिरवला. हजारो हातांनी तो दगड तुळतुळीत झाला आहे.

वरचे भक्कम दरवाजे आणि तट मराठ्यांच्या काळातले. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात या क्षेत्राला पुन्हा वैभव आणलं. भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा ओलांडून आई शेवटी आत पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. लक्ष्मणासमोर ती उभी राहिली, मग रामासमोर. काल निरोप पाठवला होता, आज स्वतः आली. तिच्या ओठांची हालचाल मी पाहत होते. काय सांगितलं ते विचारलं नाही.

नंतर आम्ही मागच्या तटाशी जाऊन बसलो आणि तिथे तास-दीड तास गेला. गडावरचा हा देखावा लोक मोबाइलमध्ये टिपतात आणि वळतात. बसून पाहिला तर तो एक नकाशा आहे. एका बाजूला पायथ्याशी अंबाळा तलाव, काठाने घाट आणि लहान-लहान देवळं. त्याच्या पलीकडे खिंडसीचं रुंद पाणी, मागे जंगलाच्या निळ्या रांगा. दुसरीकडे गाव आणि पानमळ्यांचे हिरवे चौकोन, रामटेकच्या विड्याच्या पानांचे. दक्षिणेकडे सपाटीवर नगरधन, म्हणजे राणीची राजधानी. पश्चिमेला मनसर, जिथे पुढे तिच्या मुलाने, प्रवरसेनाने, आपलं नवं नगर आणि शिवाचं देवालय वसवलं असं अभ्यासक मानतात. आणि मधोमध ही टेकडी, आईच्या विष्णूची. वाकाटकांचं घराणं शिवभक्त, लग्न होऊन आलेली ही विष्णुभक्त. या तिन्ही जागा इथून एका नजरेत मावतात. सकाळी घोड्यावरून निघालं तर दुपारपर्यंत तिन्ही करून घरी येता येईल एवढं हे राज्याचं काळीज.

यक्षाने ढगाला निरोप दिला ती कालिदासाच्या मेघदूतातली रामगिरी हीच, असं आमच्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी हिरिरीने मांडलं. इतर काही टेकड्यांवरही दावे आहेत. मला स्वतःला मिराशींचं म्हणणं पटतं, आणि ते पटण्यात माझं नागपूरकर असणंही थोडं आहे. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, उतरताना डोकावलो. भोगरामाच्या देवळापाशी मात्र थांबलो. महानुभावांना ही जागा पूज्य. चक्रधरस्वामी घरून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, वाटेत रिद्धपूरला त्यांना गुरू गोविंदप्रभू भेटले, आणि पुढे महानुभाव पंथ उभा राहिला. पुन्हा तेच रिद्धपूर आणि तेच रामटेक, राणीच्या ताम्रपटानंतर आठशे वर्षांनी.

संध्याकाळी मावशीकडे तुळशीचं लग्न. वृंदावनाला गेरू, उसाचा मांडव, चिंचा, आवळे, बोरं. शेजारच्या पोरीने मंगलाष्टकं म्हटली आणि तिसऱ्या कडव्याला अडली तर मावशीने पुढची ओळ आतून ओरडून दिली.

तिसरा दिवस, त्रयोदशी

पहाटे आई म्हणाली, "अंबाळ्यावर जाऊ."

मला माहीत होतं. आजीच्या अस्थी तिथे सोडल्या होत्या. मी तेव्हा लहान होते, मला फक्त थंडी आठवते. तलावावर धुकं होतं. घाटावर एका कुटुंबाचा विधी चालला होता. गुरुजी मंत्र म्हणत होते आणि डोकं भादरलेला विशीतला मुलगा चुकत-चुकत त्यांच्या मागोमाग बोलत होता. त्यांच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. काठापासून थोडं आत शिंगाड्याच्या वेलींची पानं पाण्यावर पसरलेली, चांदण्यांच्या आकाराची गुच्छं. एक माणूस काठीने नाव ढकलत त्यांच्यातून चालला होता. एक गुच्छ उचलायचा, उलटा करायचा, खालचे शिंगाडे खुडायचे, वेल पुन्हा पाण्यात सोडायचा. एकदाही पाणी उडालं नाही. आई त्याच्याकडे पाहत होती. "तिले शिंगाडे फार आवडायचे," एवढंच म्हणाली. तिची आई.

नगरधनला रिक्षाने गेलो. किल्ला सपाटीवर आहे, दुरून भिंती दिसतात. आतल्या विहिरीत उतरून जमिनीखाली देवीचं ठाणं आहे. आई वरच थांबली, मी उतरले. खाली ओलसर गारवा आणि उदबत्तीचा वास. मला मात्र किल्ल्यापेक्षा गावाखालची माती पाहायची होती. इथे 2015 ते 2018 या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केलं. मातीच्या बांगड्या, काचेची कानातली, लोखंडी छिन्नी, असं रोजच्या जगण्यातलं कितीतरी निघालं. आणि त्यातच निघाली मातीची एक लहानशी मुद्रा. तिच्यावर शंख आणि ब्राह्मीत प्रभावतीगुप्ताचं नाव. अशी मुद्रा दोरीच्या गाठीवर ओल्या मातीत उठवतात, पत्राला किंवा मालाला. म्हणजे राणीचा हुकूम या गावातून निघत होता, आणि हुकमावर नवऱ्याचं किंवा मुलाचं नव्हे, तिचं स्वतःचं नाव होतं. ही मुद्रा मी पाहिलेली आहे ती फक्त छायाचित्रात. पण ती जिथून निघाली त्या मातीवर उभं राहून आईला ते छायाचित्र दाखवता आलं. तिने चष्मा वर करून पाहिलं. "शंख आमच्या देवघरातल्यासारखाच आहे."

एका गोष्टीचं वाईट वाटलं, ते लिहिते. नगरधनात आम्ही तीन ठिकाणी विचारलं, उत्खनन कुठे झालं होतं. सगळ्यांनी प्रेमाने किल्ल्याकडे बोट केलं. राणीचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. चहाच्या टपरीवरचा मुलगा अकरावीत शिकतो. त्याला मी सगळी हकीकत सांगितली. तो गल्ला सोडून बाहेर आला आणि पुन्हा विचारलं, "म्हणजे राणी इथं राहत होती? आमच्या नगरधनात?" दोनदा विचारलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. जानेवारीत माझ्या वर्गाची सहल इथेच आणायची आणि जेवणाचा डबा त्याच्या टपरीशेजारी उघडायचा, हे मी तिथेच ठरवलं.

परतीच्या वाटेवर मनसर. मॅंगनीजच्या खाणींचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. हिडिंबा टेकडीवर 1998 पासून खोदकाम झालं आणि विटांचं भव्य देवालय उघडं पडलं. आई तळ्याकाठी सावलीत बसली, मी पटकन जाऊन आले. विटा एवढ्या मोठ्या की एक उचलायला दोन हात लागावेत. त्यांच्यातून काढलेले अर्धस्तंभ आणि कोनाडे अजून रेषेत आहेत. मनसरला सापडलेली शिवाची सुंदर मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वरून पूर्वेला पाहिलं तर गड. मुलाच्या देवळातून आईची टेकडी अशी समोर दिसते. मला तिथे फार वेळ थांबता आलं नाही, ऊन चढलं होतं आणि खाली आई एकटी होती.

मनसर फाट्यावर गाडी मिळाली. पुन्हा एक शून्याचं तिकीट, तेही बटव्यात गेलं. कन्हानच्या पुलावर आईचे हात झोपेतच अर्धवट उठले आणि मांडीवर पडले. तिच्या बोटांची टोकं अजून काळी होती.

घरी आल्यावर मी तेल कोमट करून तिच्या गुडघ्याला चोळलं. सूज होती, पण ती कुरकुरली नाही. तिचं दुसरंच चाललं होतं. पौर्णिमेला गडावर त्रिपूर जाळतात, मध्यरात्री कापराचा उजेड पार खालच्या गावापर्यंत दिसतो, लहानपणी ती आईच्या खांद्यावर बसून पाहत असे, असं सगळं ती सांगत होती. खालच्या देवळात त्या रात्री कोणी दिवा लावतं का, असंही मध्येच विचारलं.

पौर्णिमा परवावर होती. मी तिची पिशवी रिकामी करायला घेतली तर ती म्हणाली, "राहू दे तशीच."